मानव विकासाचे वर्ग बंद पडू देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर ‘पुढे काय शिकावे’ या विषयावर आपल्या दैनिकाने काढलेली पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. अभियांत्रिकीच्या नव्या शाखा, वैद्यकीय प्रवेशाची गणिते, विधी, वाणिज्य, हॉटेल व्यवस्थापन, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा अनेक वाटांची माहिती तीत आहे आणि ती परिश्रमपूर्वक जमवलेली आहे. परंतु मूल जन्मापासून कसे वाढते, वयात येणारी मुले घरापासून हळूहळू कशी सुटी होतात, संकट आले म्हणजे एखादे कुटुंब कसे तग धरते आणि दुसरे का मोडते, या सगळ्याचा पदवीपासून पीएच.डी.पर्यंत रीतसर अभ्यास करता येतो, याचा उल्लेख मला त्या पुरवणीत कोठेही सापडला नाही. मी हाच, ‘मानव विकास’ म्हणून ओळखला जाणारा विषय अमरावती जिल्ह्यातील एका महाविद्यालयात १९९४ ते २०२३ अशी एकोणतीस वर्षे शिकवला. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

या विषयाला एकच एक नाव नाही, ही त्याची पहिली अडचण आहे. अकरावी-बारावीला तो ‘बालविकास’ असतो. आमच्या विदर्भातील कला महाविद्यालयांत तो ‘गृहअर्थशास्त्र’ या विषयाच्या पोटात येतो. एसएनडीटी महिला विद्यापीठात आणि मुंबईच्या निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालयात तो ‘मानव विकास’ म्हणून शिकवला जातो, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्याला ‘कुटुंब अध्ययन’ हे शब्द जोडलेले आहेत, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पूर्वीच्या गृहविज्ञान महाविद्यालयाचे नाव आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय झाले आहे. प्रवेशाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या पालकाला या सगळ्या पाट्यांमागे एकच ज्ञानशाखा आहे, हे कसे कळावे? त्याच्या कानावर फक्त ‘गृह’ हा शब्द पडतो आणि तेथेच त्याचे मत ठरते. एका वर्षी एक शेतकरी गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. ते मला अगदी सरळपणे म्हणाले, “मॅडम, घरचं काम त तिची मायच शिकवते, त्याच्यासाठी कॉलेजची फी कायले भरू?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही काय शिकवतो हे त्यांना आजवर कोणी दाखवलेच नव्हते. मी त्यांना वर्गात न नेता आमच्या प्रयोगशाळा-बालवाडीच्या खिडकीशी उभे केले. वीस-पंचवीस मिनिटे ते तेथेच उभे होते. नंतर त्यांनी गावाकडच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारली आणि फी भरली.

ती बालवाडी आमच्या विषयाची खरी प्रयोगशाळा होती, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. आजूबाजूच्या वस्तीतील तीन ते पाच वर्षांची पंचवीसेक मुले तेथे रोज सकाळी येत. पदवीच्या विद्यार्थिनी आळीपाळीने भिंतीला टेकून, हातात वही घेऊन बसत. त्यांनी मुलांना काही शिकवायचे नाही, बोलवायचे नाही, फक्त पाहायचे आणि पाहिले तेवढेच लिहायचे, असा नियम होता. हा नियम पाळणे किती अवघड आहे, ते एकदा करून पाहिल्याशिवाय समजत नाही. एका विद्यार्थिनीने पहिल्या दिवशी लिहिले होते, “मुलगा हट्टी आहे, कोणाचे ऐकत नाही.” मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली, “हे तुम्ही पाहिलेले नाही, ठरवलेले आहे” असा शेरा लिहिला आणि वही परत दिली. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाविषयी तिने केलेली नोंद माझ्याकडे अजून आहे. ती अशी:

“१०.२० – वाळूच्या हौदाशी बसला. प्लास्टिकचा पेला भरला, उलटा केला. वाळू कोरडी, ढासळली. पुन्हा भरला, पुन्हा ढासळली. ताईंनी प्रार्थनेला बोलावले. मान हलवली, उठला नाही. १०.२६ – नळाकडे गेला, ओंजळीत पाणी घेतले, वाटेत सांडले. परत गेला. या वेळी पेलाच भरून आणला. १०.३१ – ओली वाळू पेल्यात दाबली, उलटी केली. ढीग उभा राहिला. ताईंकडे पाहिले. उठून प्रार्थनेला गेला.”

अकरा मिनिटांची ही नोंद वाचल्यावर ‘हट्टी’ हा शब्द कोणीही पुन्हा लिहिणार नाही. साडेतीन वर्षांचे मूल कोरड्या आणि ओल्या वाळूतला फरक स्वतःहून शोधत होते. ओंजळीतून पाणी टिकत नाही, हे त्याच्या लक्षात आले. साधन बदलून त्याने अडचण सोडवली आणि काम पुरे झाल्यावर न सांगता रांगेत जाऊन बसले. दुसऱ्या वर्षी मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीविषयी सिद्धान्त मांडणारे पियाजे आणि व्हायगॉट्स्की शिकवायला घेतले, तेव्हा मला हीच वही पुरे होत असे. मुलाकडे असे पाहता येणे ही कोणाची उपजत देणगी नसते. ते सराव करून, चुका करून आणि चुका दाखवून देणारे कोणी असेल तरच शिकता येते. त्यासाठी बालवाडी लागते, वेळ लागतो आणि वही तपासणारी शिक्षिका लागते.

दुसरा प्रसंग मेळघाटातला आहे. आमच्या विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी दरवर्षी धारणी तालुक्यातील गावांत जात. एका अंगणवाडीत आमची एक हुशार विद्यार्थिनी चार वर्षांच्या मुलीला चित्रांचे पत्ते दाखवून “हे काय आहे?” असे मराठीत विचारत होती. मुलगी पत्त्याकडे पाही, तिच्याकडे पाही आणि गप्प राही. दहाही पत्ते असेच गेले. विद्यार्थिनीने तक्त्यावर “भाषाविकास वयाच्या मानाने मागे” असे लिहून टाकले. मदतनीस बाई चुलीशी खिचडी ढवळत होत्या. त्या हात पुसत आल्या, मुलीसमोर उकिडव्या बसल्या आणि तेच पत्ते एकेक करून कोरकूत विचारू लागल्या. मुलीने नऊ चित्रांची नावे सांगितली, शेळीच्या चित्रावर तर तिने बराच वेळ काहीतरी हकीकतही सांगितली. दहावे चित्र फ्रिजचे होते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. मराठी ज्या कुळातून आली त्याच्याशी तिचे काही नाते नाही. त्या मुलीला बोलता येत नव्हते असे नाही, आम्हाला विचारता येत नव्हते. तक्त्यावरचा तो शेरा तसाच राहिला असता, तर तो तिच्या मागे पहिलीच्या वर्गापर्यंत गेला असता. शिक्षकांनी तो वाचून तिला मागच्या रांगेत बसवले असते आणि काही वर्षांनी तो खराही ठरला असता. त्या दिवशी संध्याकाळी परतीच्या गाडीत आमच्यापैकी कोणीही फारसे बोलले नाही.

मुलांचे मोजमाप करणारी साधने परदेशातून जशीच्या तशी आणली तर असेच होते, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. अमेरिकेतील बाळांवर बेतलेल्या चाचण्यांचे निकष जसेच्या तसे न घेता बडोद्याच्या बाळांची वाढ प्रत्यक्ष पाहून प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी विकासमापनश्रेणी तयार केली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी असलेल्या या श्रेणीत शारीरिक हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ बाबी तपासल्या जातात. एखादे बाळ वेळेआधी जन्मले, कमी वजनाचे भरले, मान धरायला उशीर झाला, तर रुग्णालयांतील बालविकास विभाग याच श्रेणीचा आधार घेतात. अशी कामे एका रात्रीत होत नाहीत. विद्यापीठात विभाग असावा लागतो, त्या विभागात बाळांजवळ महिनोन्‌महिने बसणारी माणसे असावी लागतात. एका मराठी बाईंनी उभे केलेले हे काम आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना तरी ठाऊक असावे, असे मला फार वाटते.

खरे तर या विषयात महाराष्ट्राने साऱ्या देशाला वाट दाखवली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत तेथे गेल्या. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तेथली आहे. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत बसू शकत नव्हती, तेव्हा अनुताईंनी कुरणातच शाळा भरवली आणि तिला ‘कुरणशाळा’ असे नाव पडले. आज देशभरात रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द याच परंपरेतून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून मुंबईतील धारावी आणि आमच्या जिल्ह्यातील धारणी यांची निवड झाली होती. म्हणजे ज्या मातीत अंगणवाडीची पहिली पावले उमटली, तेथेच आज बालविकासाचा अभ्यास करणारे वर्ग ओस पडत आहेत.

ते का ओस पडत आहेत, याची कारणे मी जवळून पाहिली आहेत. मी निवृत्त झाल्यावर माझे पद भरले गेले नाही. त्या जागी तासिका तत्त्वावर एक तरुण अध्यापिका घेतली गेली. तिला तासाचे पैसे मिळतात, बालवाडीत बसून वह्या तपासण्याच्या वेळेचे मिळत नाहीत. मुलांसाठीचा खर्च हा ‘अनुत्पादक’ आहे असे ठरले, प्रयोगशाळा-बालवाडी बंद झाली आणि त्या खोलीत परीक्षेचे गठ्ठे ठेवले जाऊ लागले. विद्यार्थिनी आता निरीक्षणाच्या नोंदी एकमेकींच्या वहीतून उतरवून घेतात, असे मला माझ्याच एका माजी विद्यार्थिनीने सांगितले. वाळूचा हौद मातीने बुजवला आहे. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण हे एकट्या त्या महाविद्यालयात झालेले नाही. पदे रिक्त, म्हणून शिकवणे कमी. शिकवणे कमी, म्हणून प्रवेश कमी. प्रवेश कमी, म्हणून तुकडी बंद. हे चक्र अनेक ठिकाणी फिरत आहे.

आणि हे नेमके अशा काळात घडते आहे, जेव्हा कायदा आणि धोरण या ज्ञानाची मागणी पूर्वी कधी नव्हती इतकी करत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांच्या वयोगटाला पायाभूत टप्पा मानले. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो, हे त्याच धोरणात लिहिलेले आहे. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. हे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने, वाहिन्यांवरून आणि स्मार्टफोनवरूनही चालवता येतील, अशी सोय धोरणात आहे. सेविकांचा वेळ आणि प्रवास वाचावा हा त्यामागचा हेतू चांगला आहे. परंतु वाळूच्या हौदाशी बसलेल्या मुलाकडे कसे पाहायचे किंवा कोरकू मुलीला काय विचारायचे, हे मोबाइलच्या पडद्यावर शिकता येणार नाही. त्यासाठी जवळच्या महाविद्यालयात विभाग आणि त्या विभागात अनुभवी माणूस असला पाहिजे. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजारी मुलाला पुढील उपचारांसाठी रुग्णालयात पाठवणे), आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवांचा भार त्या सेविकेवर आहे. त्यांतील पहिल्या पाचांचे आकडे रोज मागितले जातात, मोबाइलवर भरले जातात. सहावीची, म्हणजे मुलांशी खेळणे-बोलणे या कामाची चौकशी करायला बहुधा कोणालाच वेळ नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. या मुलांना ताटात काय मिळते याची जेवढी काळजी आहे, तेवढीच त्यांना भरवताना कोणी त्यांच्याशी बोलते का, याचीही हवी. ज्या घरात दोन्ही गोष्टी मिळतात तेथे मूल कसे खुलते, हे आम्ही गृहभेटींत वर्षानुवर्षे पाहिले आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपल्या विषयाचे नाव प्रत्यक्ष अधिनियमात आलेले आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये २०२१ साली जी सुधारणा झाली, तिच्यात बालकल्याण समितीच्या सदस्याकडे कोणत्या विषयांची पदवी असावी हे सांगताना बालमानसशास्त्र, विधी, समाजकार्य यांच्या बरोबरीने ‘मानव विकास’ हा विषय स्पष्टपणे घेतलेला आहे. टाकून दिलेले बाळ, घरातून पळालेली मुलगी, कामावर सापडलेला मुलगा यांचे पुढे काय करायचे, याचा निर्णय ही समिती करते. त्याच अधिनियमात सोळा वर्षांवरील मुलाने घृणास्पद गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याच्या मानसिक आणि शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन बाल न्याय मंडळाने करायचे असते. मंडळात बालमानसशास्त्राची किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला कोणी नसेल, तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. सोळा वर्षांचा मुलगा परिणामांचा विचार कसा करतो, मित्रांसमोर कसा वागतो आणि एकटा असताना कसा वागतो, हे ज्याने अभ्यासले आहे असा माणूस प्रत्येक जिल्ह्यात हवा. असे किती जण आपण तयार करत आहोत? जिल्हा परिषदांच्या अंगणवाडी पर्यवेक्षिका पदाच्या जाहिरातींत समाजशास्त्र, गृहविज्ञान, बालविकास, पोषण यांसारख्या विषयांच्या पदवीला झुकते माप देणारी भाषा असते, पण ती अनिवार्य अट म्हणून पाळली जावी, अशी माझी मागणी आहे. वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या व्यक्तीने एकदाही मूल शास्त्रशुद्धपणे पाहिलेले नसावे, हे मला पटत नाही.

लहान मुलांविषयी मी इतके लिहिले, कारण माझे आयुष्य त्यांच्यात गेले. परंतु या विषयाचा अर्धा भाग तरुणांचा आणि कुटुंबाचा आहे आणि आज त्याची निकड कदाचित अधिक आहे. शेवटच्या वर्षाला आम्ही एक प्रात्यक्षिक देत असू. विद्यार्थिनीने सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाची आणि त्याच्या पालकाची, दोघांची वेगवेगळी मुलाखत घ्यायची आणि मागचा एक आठवडा कसा गेला एवढाच प्रश्न विचारायचा. एका वडिलांनी अभिमानाने सांगितले होते की मुलगा अकोल्याच्या शिकवणीत रमला आहे, रोज फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणतो. मुलाने सांगितले की तो तीन दिवसांपासून मेसमध्ये जेवला नव्हता आणि खोलीतील दोघांशिवाय कोणाशी बोललाही नव्हता. दोघेही खोटे बोलत नव्हते. लातूर, अकोला, नागपूर येथे अकरावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी आणि पुण्यात स्पर्धा परीक्षांसाठी खोल्या करून राहणारी हजारो मुले आज आपल्या राज्यात आहेत. त्यांच्या वसतिगृहांत नळाचे पाणी, वायफाय, सीसीटीव्ही यांची चौकशी होते. या वयाची समज असलेला एक समुपदेशक तेथे आहे का, हे विचारणारे पालक मला फार थोडे भेटले. दुसरीकडे, वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणातच वीस ते चोवीस वर्षे वयाच्या महाराष्ट्रातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांच्या आत झालेला होता. शिकवणीच्या खोलीतील मुलगा आणि सतराव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी, दोघेही कायद्याच्या भाषेत ‘बालक’च आहेत, आणि दोघांचेही तारुण्य कसे घडते हा आमच्याच अभ्यासक्रमाचा प्रश्न आहे.

कुटुंबाविषयी पाठ्यपुस्तके जे सांगतात, ते आपल्याकडे बऱ्याचदा अपुरे पडते. विवाह, पहिले मूल, शाळेत जाणारी मुले, घर सोडणारी मुले अशा क्रमाने कुटुंबाच्या अवस्था शिकवल्या जातात. मराठवाड्यातील ऊसतोडीला जाणारे कुटुंब या क्रमात कोठे बसवायचे? तेथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. हंगाम सुरू झाला की कोयता कारखान्याकडे जातो, तान्हे मूल सोबत जाते, शाळेतले मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते आणि एकच कुटुंब सहा महिने दोन ठिकाणी नांदते. आमच्या वऱ्हाडात शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या घरात दहा-बारा वर्षांचा मुलगा एकाएकी ‘घरातला माणूस’ होतो. कागदपत्रांसाठी तहसिलीत आईबरोबर तोच जातो, सावकाराशी तोच बोलतो, आणि वर्गात शिक्षक त्याला “लक्ष कुठे आहे?” असे विचारतात. इरावती कर्वे यांनी डेक्कन कॉलेजात काम करताना प्रांतोप्रांतीची नाती, सोयरिकी आणि घरे अभ्यासली, तो वारसा आपल्याकडे आहे. त्या वारशाच्या बळावर कोयत्याच्या कुटुंबाचा आणि आत्महत्याग्रस्त घराचा अभ्यास आपल्याच विद्यापीठांनी, आपल्याच भाषेत करायला हवा, तो बाहेरून कोणी येऊन करणार नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाळ आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यात जो घट्ट बंध तयार होतो, तो या विषयाचा एक पायाच मानला जातो. एका मार्गदर्शक पुस्तकात त्यासाठी ‘आसक्ती’ हा शब्द छापलेला होता आणि विद्यार्थिनी तो पाठ करून परीक्षेत लिहीत होत्या. वर्गात मी विचारले की आजोळी राहिलेले मूल परत आल्यावर आजीसाठी रडते, तेव्हा तुमच्या घरी काय म्हणतात? मागच्या बाकावरून उत्तर आले, “आजीचा लळा लागला म्हणतात.” ‘लळा’ हा शब्द आपल्या घरात शतकानुशतके आहे, आणि जे सिद्धान्त सांगतो ते नेमके तो सांगतो. मराठीत असे शब्द जमवून, प्रमाणित करून चांगली पाठ्यपुस्तके तयार झाली, तर खेड्यातून आलेल्या विद्यार्थिनीला हा विषय परका वाटणार नाही.

विद्यार्थिनी असे मी सतत लिहीत आले, पण हा विषय मुलींचाच आहे असे मी मानत नाही. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा मुलींना उच्च शिक्षणाचे दार उघडायचे होते आणि घरसंसाराचे शास्त्र त्या शिक्षणात असणे त्या काळाला धरून होते. शंभर वर्षांनंतरही मूल वाढवण्याचे शास्त्र एकट्या मुलींनी शिकावे, हे त्या द्रष्ट्या माणसालाही मान्य झाले नसते. आमच्या सहशिक्षण असलेल्या महाविद्यालयात मुलांना प्रवेशाची मनाई कधीच नव्हती, तरी एकोणतीस वर्षांत सात मुलगे आले. त्यांतील एक आज एका बालगृहात काळजीवाहक आहे. तेथे नवे मूल आले की पहिले दोन दिवस तो त्याला काहीही विचारत नाही, फक्त जेवताना त्याच्या शेजारी बसतो. हे त्याला बालवाडीच्या भिंतीशी बसून शिकता आले, असे तो मला म्हणाला.

आता नव्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत पदवीच्या विद्यार्थ्यांना कार्यानुभव प्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांचे श्रेयांक मिळवावे लागतात. यासाठी महाविद्यालये जागा शोधत फिरत आहेत. माझी उच्च शिक्षण विभागाला आणि महिला व बालविकास विभागाला विनंती आहे की प्रत्येक अशा महाविद्यालयाशी जवळच्या दोन-तीन अंगणवाड्या अधिकृतपणे जोडून द्याव्यात. विद्यार्थ्यांनी तेथे वर्षभर, आठवड्यातून एक सकाळ, निरीक्षण करावे, सेविकेला हातभार लावावा आणि तिच्याकडूनही शिकावे. यात नव्या इमारतीचा खर्च नाही. विभागातील एक पूर्णवेळ पद भरावे लागेल, आणि वह्या तपासण्याचा वेळ हा अध्यापनाचा वेळ आहे, हे मान्य करावे लागेल. प्रवेशसंख्या कमी म्हणून तुकडी बंद करण्यापूर्वी तेथे मागील पाच वर्षे पद भरलेले होते का, एवढे तरी तपासावे.

आपल्याला, संपादक महोदय, माझी विनंती साधी आहे. पुढच्या वर्षी पुरवणी निघेल तेव्हा या विषयाला एक पान द्यावे, त्याची सगळी नावे एका ठिकाणी छापावीत, राज्यात तो कोठे कोठे शिकता येतो ते लिहावे, आणि बालकल्याण समितीच्या पात्रतेत त्याचे नाव आहे हेही सांगावे.

माझ्या घरी निरीक्षणाच्या जुन्या वह्यांचे तीन खोके आहेत. मुलांची नावे आम्ही पहिल्यापासून लिहीत नव्हतो, त्यामुळे त्या कोणालाही दाखवता येतात. राज्यातील ज्या महाविद्यालयाला आपली बंद पडलेली बालवाडी पुन्हा सुरू करायची असेल, त्यांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत मला कळवावे. मी त्या वह्या एसटी पार्सलने पाठवून देईन, आणि बोलावले तर पहिले सत्र वह्या तपासायला स्वतः येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अध्यापिका (मानव विकास),
जि. अमरावती